कामिनीची तोंडी

“तिले आत्ता काही सांगू नका सर,” उखर्डू म्हणाला. “पह्यले तोंडी होऊ द्या. वहिनीनं तसंच सांगून धाडलं मले.”

जळगावच्या त्या कॉलेजात तो जिन्याखाली उभा होता. सकाळी ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवायला त्याचा थोरला भाऊ तोताराम केळीच्या बागेत वाकला, तो पुन्हा उठलाच नाही. तोतारामची मुलगी कामिनी वरच्या मजल्यावर होती, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाची तोंडी परीक्षा द्यायला. तिला न्यायला काका रावेरकडून गाडी घेऊन आला होता, आणि तिच्यासमोर न जाता इथंच थबकला होता.

रविंद्र सर तिचे मार्गदर्शक. नियम त्यांना तोंडपाठ होता. दरवर्षी पहिल्याच दिवशी ते मुलांना तो दम देऊन सांगत. बाहेरचे परीक्षक येतील त्या दिवशी जो गैरहजर, त्याचे प्रकल्पाचे क्रेडिट गेले. मग बाकीच्या विषयांत सोनं का पिकवलेलं असेना, पदवी नाही. पुन्हा संधी पुढच्या वर्षी. मागच्या साली पियुष नावाच्या विद्यार्थ्याचा पाय मोडला तेव्हा सरांनी त्याच्यासाठी विद्यापीठाचे उंबरठे झिजवले होते. अर्ज वर गेला आणि ‘पुढील बॅचसोबत’ असा शेरा घेऊन खाली आला. नियमाला कुणाचं सोयरसुतक नसतं.

“आणि तिकडे?” सरांनी विचारलं.

“थांबले सारे तिच्यासाठी. पन ऊन वाढून राह्यलं सर.”

“तिचा नंबर पहिला लावतो.” एवढंच सरांच्या हातात होतं.

उखर्डूने शर्टाच्या खिशावर हात ठेवला. “सकाळीच तिचा फोन आला व्हता, भाऊच्या फोनवर. हर पेपरच्या आधी करते. म्या उचलला. म्हटलं, आबा बागात गेले, फोन घरीच राह्यला. पुन्हा लावला तं कोनी रडत उचलीन, म्हनून संगंच आनला.”

कामिनीचा नंबर नववा होता. पहिलीच हाक तिच्या नावाची आली तशी ती दचकली, आणि ओढणी सारखी करत आत आली. धुळ्याहून आलेल्या परीक्षक मॅडमना सरांनी काही सांगितलं नव्हतं. दयेचा ग्रेड या पोरीला चिकटू नये, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. खरं म्हणजे सांगायची हिंमतच झाली नव्हती.

केळीच्या पानावरचा करपा रोग, हा तिचा विषय. मॅडम सवडीने पानं उलटत होत्या, प्रश्नामागून प्रश्न विचारत होत्या. घाई फक्त सरांनाच होती. खिडकीबाहेरचं ऊन व्हरांड्याची पायरी चढून वर आलं होतं. पोरगी मात्र प्रत्येक उत्तरागणिक खुलत चालली होती.

“गाव इतकं लांब, मग पानं एवढी ताजी कशी मिळाली तुला?” मॅडमनी विचारलं.

“आबा पाठवतात मॅडम. पहाटे तोडतात, ओल्या गोणपाटात गुंडाळतात आणि पहिल्या एसटीच्या कंडक्टरकडे देतात. तो हसतो त्यांना. म्हणतो, तोतारामभाऊ, लोक लेकीला केळी पाठवतात, तुम्ही रोगट पानं पाठवता!”

मॅडमही हसल्या. “निकाल लागला की त्यांना घेऊन ये धुळ्याला. आमच्या मुलांना दाखवू दे असा बाप.”

“आणते की!”

सरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला.

मॅडमनी गुण मांडून कागद त्यांच्याकडे सरकवला आणि त्या चहाला उठल्या. कामिनी टेबलावरच्या नमुन्यांच्या काचपट्ट्या डबीत भरत होती. आता सांगायलाच हवं होतं. क्रेडिट वाचवायचं की बापापाशी धावायचं, हे ठरवायचा हक्क या पोरीचा होता. तो आपण मोठ्या माणसांनी तिला न विचारता काढून घेतला, हे त्यांना तिच्या हसऱ्या तोंडाकडे बघताना उमगलं.

“कामिनी...”

“काय सर? चुकलं का काही?”

निकालाआधी ग्रेड फोडायचा नाही, हा नियम सरांनी नोकरीत कधी मोडला नव्हता. जे सांगायचं होतं ते सांगवेना, म्हणून त्यांनी जे सांगायचं नसतं ते सांगितलं.

“ओ ग्रेड मिळाला तुला. सगळ्यात वरचा.”

“खरंच?” तिने डबी तशीच उघडी टाकली आणि पर्समधून फोन काढला. “सर, एकच मिनिट हं. आबांना सांगते. आता आले असतील घरी.”

“थांब, कामिनी, आधी माझं...”

तिने फोन लावलासुद्धा.

दाराबाहेर फोन वाजला. जुना, खणखणीत, बागेच्या दुसऱ्या टोकालाही ऐकू जावा असा. तिकडे उशीर होतोय या धास्तीने उखर्डू कधी जिना चढून दाराशी येऊन थांबला होता, ते कुणाला कळलं नव्हतं. त्याच्याकडून तो फोन काही बंद होईना.

कामिनीने कानावरचा फोन खाली घेतला. तिचा चेहरा उजळला.

“अगंबाई! सर, आबाच आले वाटतं!” म्हणत ती दाराकडे धावली.