नवमीची हळद

रंगनाथ ढवळ्यांची वैजयंती पहिल्या बाळंतपणाला परदेशातून माहेरी आली, त्या वर्षीची ही गोष्ट. विमानातल्या हवेत नवा रोगजंतू नाही, असं यंत्राने सांगितल्याशिवाय तेव्हा विमानाचं दार उघडत नसे. ती यंत्रं रंगनाथच सांभाळत. खंडेनवमीला त्यांनी एका विमानातलं यंत्र पुजलं आणि हवा ओढणाऱ्या जाळीवर हळदकुंकू वाहिलं.

“अण्णा, त्याच्या नाकात हळद कोंबताय की!” जोडीदार उस्मान हसला.

“वर्षभर राबतंय बिचारं. आज मान नको?”

दसऱ्याला तेच विमान वैजयंतीला घेऊन आलं. आत माणसं खोकत होती. बुजलेल्या जाळीतून हवा यंत्रात गेलीच नाही आणि हिरवा दिवा लागला. दार रंगनाथांनीच उघडलं.

वसुबारसेच्या सकाळी वैजयंती वारली. बाळ तिच्या पोटातच गेलं.