बुवांनी आणलेली गोळी

औषधाच्या दुकानात भास्करबुवांनी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली आणि दुकानदार चपापला. बुवांच्या कीर्तनाला रोज पहिल्या रांगेत बसणारा माणूस तो.

“बुवा, ही गोळी... या वयात?”

“या वयातच! नात माझी तीन दिवसांची आहे. रडली की काळीनिळी पडते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी पुरुषांच्या जोमाची खरी, तान्ह्यांसाठी आहे असं पाकिटावर छापलेलं नाही. पण फुप्फुसातल्या आवळलेल्या शिरा हीच मोकळ्या करते. काढ लवकर!”

ओशाळलेल्या दुकानदाराने कान पकडले आणि बुवांना स्वतःच्या स्कूटरवरून दवाखान्यात पोचवलं.

सिस्टरनी गोळी खलून पाण्यात विरघळवली, त्यातले मोजके थेंब नळीतून बाळाच्या पोटात सोडले. बुवा यंत्राकडे पाहत जप करत राहिले. अठ्ठ्याहत्तर. पंच्याऐंशी. दुपार कलली तेव्हा प्राणवायूचा आकडा चौऱ्याण्णववर गेला, आणि बुवांच्या तोंडून खणखणीत ‘विठ्ठल विठ्ठल’ सुटला.

“अहो बुवा, हळू! कीर्तनाचा मांडव नाही हा!” सिस्टर म्हणाल्या.

नातीने दचकून टाहो फोडला. बुवांनी घाबरून आकड्याकडे पाहिलं. तो तसूभरही हलला नाही. रडणाऱ्या नातीचे ओठ गुलाबीच राहिले.