रविवारचा शब्द

"मामाचे शब्द टिपतेस ते ठीक, पण मामाकडे कधी जाऊन येतेस का गं?" आईने एकदा सोडून दहादा बजावलं होतं. "दर रविवारी बोलतो की आम्ही," म्हणून तिने दर वेळी ते झटकून टाकलं. बाळ लहान होतं. बसमध्ये खोकणारी माणसं, खिडकीतला वारा, नाना शंका. झोपलेल्या बाळाच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणारी बाई ती. मामाच्या आवाजात तिला कधी काही खोट जाणवली नाही.

पेपरात तिचं सदर होतं. बोलण्यातले उनाड शब्द, त्यांचे अर्थ, ते आले कुठून. वाचक खूश होते आणि खाण होती मामा. उभी हयात गॅरेजात गाड्यांखाली घालवलेला माणूस. मामी गेल्यापासून घरात एकटाच.

"ठमे, लिही. 'पान्याला पाणी पाजणं'."

"म्हणजे?"

"म्हणजे कामाचं नुसतं सोंग करणं. आणि कुणी तोंड पाडून बसलं की आम्ही म्हणायचो, याने खिळा गिळलाय!"

"पण काढला कुणी हा शब्द?"

मग मामा रंगात यायचा. कुणीतरी मुकादम, कुणाची तरी फजिती, सगळं तिखटमीठ लावून. ती मांडीवरचं बाळ सावरत टाइप करत राहायची. बाळ कुरकुरलं की म्हणायची, "मामा, ठेवते हं."

"ठेव, ठेव. पुढच्या रविवारी एक झकास शब्द आहे."

त्या पुढच्या रविवारी बाळाला ताप होता. मामाचा फोन वाजून वाजून थांबला. तिने नंतर करू म्हटलं आणि ते राहूनच गेलं. त्याच आठवड्यात मामाच्या दाराशी दुधाच्या पिशव्या साचल्या, तेव्हा शेजाऱ्यांनी दार तोडलं.

मामावर एक लेख लिहावा, म्हणून ती गॅरेजात गेली. शब्दांची खातरजमाही होईल. म्हातारा मिस्त्री फडक्याला हात पुसत ऐकत राहिला. 'पान्याला पाणी' ऐकून हसला. 'खिळा गिळला'ला त्याने नकारार्थी मान हलवली.

"असलं आमच्यात कुणी बोलत नव्हतं, ताई. आणि तुमचा मामा? जेवणाच्या सुट्टीतसुद्धा त्याच्या तोंडून चकार शब्द निघायचा नाही."

"मग हे सगळं?"

"रिटायर झाला तरी दर शनिवारी यायचा इथे. म्हणायचा, 'एखादा शब्द द्या रे. उद्या भाचीला फोन करायचाय, रिकाम्या हाताने कसा करू?' होते नव्हते तेवढे दिले आम्ही. मग आमचेही संपले. तेव्हा म्हणाला, 'असू दे. बघतो मीच काहीतरी जुळवून.'"

घरी येऊन ती सदर लिहायला बसली. एकेका शब्दाचा उगम तिने मामाला खोदून खोदून विचारला होता. उगम एकच होता, आणि तो बसने अर्ध्या तासावर राहत होता.

त्या रविवारी सदरात शब्द नव्हता. तिने एवढंच लिहिलं: "तुम्हालाही कुणीतरी उगाच फोन करून काहीबाही सांगत असेल. त्याला अर्थ विचारत बसू नका. आज सुट्टी आहे. जाऊन बघून या."