कॉर्पोरलच्या वतीनं

वर्नानं खिडकीशी वाकून स्वतःच्याच लग्नाच्या दाखल्याची नक्कल मागितली, तेव्हा लॉइड तिची पर्स धरून मागे उभा होता. खिडकीपलीकडच्या टुलीबाईंनी चष्म्यावरून आधी वर्नाकडे पाहिलं, मग लॉइडकडे, मग पर्सकडे. नक्कल कशासाठी हवी, असा एक रकाना अर्जात असतो. वर्नानं त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं : घटस्फोट.

लॉइडला हे सकाळीच कळलं होतं. अंडी तळता तळता वर्नानं सांगितलं होतं, की स्पोकेन शहरातल्या वकिलाला ती नक्कल लागते, आज काढून घेऊ, आणि साडेदहाचं लग्न उरकलं की ती तशीच बहिणीकडे निघेल. भांडण वगैरे काही नव्हतं. एकटीनंच राहायचं तर निदान बोलणाऱ्या बहिणीकडे राहते, एवढंच तिचं म्हणणं होतं. लॉइडला यावर बरंच काही बोलायचं होतं. त्यानं मीठ मागितलं.

साडेदहाचं लग्न त्यांचं होतं आणि नव्हतंही. मोंटानाचा कायदा या बाबतीत मोठा उदार आहे. फौजेतला नवरा एका समुद्रापलीकडे तैनात असो, नवरी दुसऱ्या समुद्रापलीकडे असो, त्यांचं लग्न इथं, या काउंटीच्या कचेरीत, दोघांच्याही गैरहजेरीत लागतं. त्यांच्या वतीनं इथली कुणी दोघं उभी राहतात, हो म्हणतात, सह्या करतात. लॉइड मालगाडीवरून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे गेली नऊ वर्षं, दर गुरुवारी हे नवराबायको उभे राहत होते. वर्ना दोनशेंवर अनोळखी पोरींसाठी नवरी झाली होती. दर गुरुवारी लॉइड तिला सुखदुःखात साथ द्यायचं वचन देई, आणि घरी जाताना गाडीत दोघं रेडिओवर हवामान ऐकत.

टुलीबाईंनी नक्कल छापली, शिक्का दाबला आणि कागद सरकवला. वर्नानं तो पर्समध्ये ठेवायला म्हणून लॉइडच्या हाती दिला. अडतीस वर्षांत लॉइड तो पहिल्यांदाच पाहत होता. नवरीच्या जागी वर्नाची सही होती. नवऱ्याच्या जागी त्याच्या धाकट्या भावाची, आर्नीची. खाली लिहिलं होतं, 'गैरहजर वराच्या वतीने'.

माहीत होतंच म्हणा. लॉइड तेव्हा नौदलात होता, फिलिपिन्सच्या अलीकडे कुठंतरी. इथली वेळ आणि तिथली वेळ त्यानं नंतर जुळवून पाहिली, तेव्हा निघालं की स्वतःचं लग्न लागलं त्या वेळी तो झोपलेला होता. जहाजावर ही गोष्ट फार गाजली. सोबती म्हणाले, सगळ्यांचं तसंच असतं रे, तू निदान अंथरुणात होतास. आता कागद हातात धरून त्याला वाटलं, ती झोप अजून पुरती उतरलेलीच नाही. मालगाडीचे न संपणारे डबे, गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरत काढलेले हिवाळे, आरामखुर्ची, टीव्ही, सगळं त्याच हेलकाव्यात गेलं. वर्ना हाक मारी ती त्याला पाण्याखालून ऐकू यावी तशी येई. तो ओ द्यायचा, पण तोवर ती दिवा मालवून झोपलेली असे.

कचेरीच्या वरच्या खोलीत खिडक्या उघड्या होत्या. जून महिना. कॉटनवूडच्या झाडांवरून कापसासारख्या म्हाताऱ्या तरंगत आत येत होत्या, भर उन्हात बर्फ पडावं तशा. एक वर्नाच्या केसांवर बसली. केस कधी इतके पांढरे झाले, हे लॉइडनं विचारलं असतं, पण तो प्रश्न नवऱ्यानं विचारण्यातला नव्हता.

जजसाहेबांनी फाइल उघडली. टुलीबाई नोंदवही घेऊन बसल्या.

"जिबूतीत तैनात असलेल्या कॉर्पोरल डेंटन मूडी यांच्या वतीनं, ग्वामच्या रोझालिन ताइतानो हिचा पत्नी म्हणून स्वीकार करतोस?"

दोनशेंवर वेळा लॉइडनं याचं बिनचूक उत्तर दिलं होतं.

"मी, लॉइड हॉगन," तो म्हणाला, "वर्नाचा स्वीकार करतो."

टुलीबाईंचं पेन थांबलं. जजसाहेबांनी शांतपणे समजावलं, की हे असं नोंदलं तर कॉर्पोरलचं लग्न बाद होईल. शिवाय वर्नाशी लॉइडचं लग्न आधीच लागलेलं आहे, आणि लागलेलं लग्न परत लावायची सोय या कचेरीत नाही. वयोमानानं अशी गफलत होते, असंही ते म्हणाले आणि त्यांनी लॉइडसाठी पाणी मागवलं. मग त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला, सावकाश, बहिऱ्या माणसाला विचारावा तसा.

"मी, लॉइड हॉगन," लॉइड पुन्हा म्हणाला. पाण्याला त्यानं हात लावला नव्हता. "त्या दिवशी मी नव्हतो. नंतरही फारसा नव्हतो. आज आलोय. मी वर्नाला..."

पुढं त्याला शब्द सुचेनात. पाठ होते ते सगळे छापील होते, आणि दुसऱ्यांचे होते.

जजसाहेबांनी घड्याळ पाहिलं. तिकडं कॉर्पोरल बिचारा फोन हातात घेऊन बसला असेल, असं म्हणत ते फाइल मिटू लागले. खालून दुसरा कुणी माणूस बोलवा, असं त्यांनी टुलीबाईंना सांगितलं.

वर्ना खिडकीबाहेर पाहत होती. ती वळली आणि तिनं मिटत चाललेल्या फाइलवर तळहात ठेवला.

"जजसाहेब, त्याला बोलू द्या," ती म्हणाली. "मी अडतीस वर्षं थांबलेय. कॉर्पोरल पाच मिनिटं थांबेल."