शेपटाची शिट्टी

भरती चढायच्या आत सगळ्यांना बेटावरून चालत परतायचं होतं. वाट दाखवायला मेव्हणा पुढे, आणि कुणी मागे राहू नये म्हणून दाजी शेवटी. काम मानाचं म्हणून दिलं होतं. खरं तर दाजी तसेही मागेच पडत. अंधारात मागचं दिसणार नव्हतं, म्हणून पुढून शिट्टी आली की त्यांनी शिट्टीनंच उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही, तरच सगळे थांबणार.

"अहो शेपूट, झोपू नका हं!" बायको ओरडली. सगळे हसले.

अर्ध्या वाटेत दाजींचा पाय चिखलात गुडघ्यापर्यंत रुतला. तेवढ्यात पुढून शिट्टी झाली. आता थांबतील, म्हणून दाजी मुद्दाम गप्प राहिले.

उत्तर गेलं. त्यांच्या मागून, रिकाम्या बेटावरून. पडलेल्या दातामुळे त्यांची शिट्टी शेवटी अडखळे, तशीच तीही अडखळली.

दाजींनी जिवाच्या आकांतानं हाका मारल्या, पण वारा समोरचा होता. पाणी कमरेला लागलं. पुन्हा शिट्टी झाली, आणि उत्तर अगदी कानाशी वाजलं. शेजारी कुणी नव्हतं.

घोळका किनाऱ्याला लागला. तिसरं उत्तर तिथून आलं.

पाठोपाठ वाऱ्यावर बायकोचा कौतुकानं भरलेला आवाज आला: "अगंबाई! आज चक्क माझ्या बरोबरीनं पोचलात?"