मधला वेळ

“उद्यापासून ह्या खुर्चीवर पंडित बसंल,” आबासाहेब म्हणाले.

विशाखाचा हात कीबोर्डवरच थांबला.

शिरूर कासारजवळच्या एका सहकारी दूध संस्थेची चारा छावणी होती. दोन हजार तेराचा दुष्काळ. पावती दाखवल्याशिवाय चाऱ्याची पेंढी मिळायची नाही, आणि पावत्या संगणकावरून निघायच्या. बाहेर उन्हातली रांग पार डांबरी रस्त्याला लागलेली. बायडाबाई सकाळी सातला उभी राहिली होती. तिची गाय कालपासून उठत नव्हती. संगणकावरच्या पोरीचा हात चालत न्हाई, असं जो तो बोलत होता. संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब तेच ऐकून आले होते. पंडित त्यांचा पुतण्या.

विशाखाचे आईबाप ऊसतोडीला गेलेले. घरात संगणक शिकलेली ती पहिलीच. आपला हात कमी पडत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून आदल्या दिवशी तिनं पावतीच्या प्रोग्राममध्ये पाच-सात ओळी घातल्या होत्या. दर काम सुरू झालं की घड्याळ बघायचं, संपलं की पुन्हा बघायचं, मधला वेळ पडद्यावर लिहायचा आणि साठवून ठेवायचा. एवढंच.

“उद्या कशाला, आबासाहेब? पंडितभाऊंनी आत्ताच बसावं,” असं म्हणून ती उठली.

पंडितनं बायडाबाईचं नाव भरलं. प्रिंटर बराच वेळ करकरत राहिला. पावती बाहेर आली आणि पडद्यावर आकडे उमटले. नाव भरणं, आठ सेकंद. नोंद शोधणं, एक. पावती छापणं, पासष्ट.

विशाखानं स्वतःचे सकाळपासूनचे आकडे उघडले. नाव भरणं चार सेकंद. छापणं मात्र दर पावतीला पासष्टच.

“मग प्रिंटर बदला की!” पंडित म्हणाला.

“प्रिंटर चांगला हाय.” तिनं ती पावती आबासाहेबांच्या हातात दिली. “नुसता मजकूर काल छापून बघितला, पाच सेकंदांत निघतो. बाकीचे साठ तुमचा फोटू छापायला लागतात. पंडितभाऊंनी मागच्या आठवड्यात घातला त्यो.”

पंडित खुर्चीतून उठला. विशाखा कुणाला न विचारता तिथं बसली. आबासाहेबांनी पावतीकडं बघितलं, मग खिडकीतून रांगेकडं.

“काढून टाक, पोरी,” ते म्हणाले. “जनावरं काय माझं तोंड खाणार हायत?”