उन्हामागचं बस्तान

आई लोकांच्या कपड्यांना रफू करायची. सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी, दुपारी जिन्यात, असं उन्हामागून तिचं बस्तान घरभर फिरायचं आणि दोऱ्यांचा डबा घेऊन लेक शेपटासारखी मागे. नंतर आईच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. जमिनीवर बसणं सुटलं, कामही सुटलं. फर्निचर डिझायनर झालेल्या लेकीनं पानाच्या आकाराचं टेबल घडवलं: खाली शिरांसारख्या पट्ट्या, मधोमध मिटलं की काखेत मावणारं. पहिला नमुना तिनं आईपुढे ठेवला. “दिसतंय झकास. पण यावर काम करायचं की नुसतं बघत बसायचं?” “टेकून तर बघ!” आईनं आधी कोपरं टेकली, मग सगळा भार टाकला. टेबल हललं नाही. तिनं ते मिटून काखेत मारलं, खिडकीशी उन्हातल्या खुर्चीपुढे नेऊन मांडलं. “तुझा स्वेटर काढ, बाहीवर विरलाय. सुई तेवढी ओवून दे.”